उसन्या रणांगणावरचा स्टुडिओ : ‘रेड व्हर्सेस ब्लू’ची पहिली पाच वर्षं

१ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराच्या परिसरातल्या काही मित्रांनी इंटरनेटवर एक छोटा व्हिडिओ टाकला. चिलखत घातलेले दोन सैनिक तळाच्या छपरावर उभे आहेत आणि एक जण दुसऱ्याला विचारतोय, आपण इथे नेमके कशासाठी आहोत? बाकी फारसं काही घडत नाही. लढाई नाही, धावपळ नाही, नुसत्या गप्पा. सगळं चित्रण ‘हेलो’ या गेममध्ये झालेलं. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या यंत्रावर तो चालतो. एका दिवसात तो व्हिडिओ सुमारे २०,००० वेळा डाउनलोड झाला. तेव्हा यूट्यूब नव्हतं. ते निघालं २००५ साली.

मालिकेचं नाव ‘रेड व्हर्सेस ब्लू’ आणि ती करणाऱ्या मंडळींनी स्वतःला नाव दिलं ‘रूस्टर टीथ’. सहा ते आठ भाग करायचे आणि थांबायचं, असा त्यांचा बेत होता. पहिला हंगामच १९ भागांचा झाला. २८ जून २००७ ला शंभरावा भाग आला आणि मूळ कथानक तिथे संपलं. चालू गेममध्ये पात्रं नाचवून गोष्ट सांगायच्या या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. त्यात इतकी वर्षं टिकलेलं आणि पोट भरण्याइतकं कमावलेलं हे पहिलं मोठं उदाहरण.

गेममधून गोष्टी सांगू पाहणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न गेमचं चित्र रेकॉर्ड करणाऱ्या कॅप्चर कार्डाचा येतो आणि दुसरा ग्राफिक्स कार्डाचा. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. या मंडळींकडे साधनं अगदी बेताची होती. तरी त्यांचा स्टुडिओ चालला, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण हे, की गेमला जे जमतं तेवढ्यातच त्यांनी गोष्ट बेतली. वेळापत्रक आणि प्रेक्षकाकडून थेट मिळणारा पैसा यांनी तो पुढे तगवला. जमीन मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याची राहिली, आणि ती बाजूही इथे तितकीच महत्त्वाची आहे.

आधीची शिदोरी

मशिनिमा यांनी शोधून काढलेली नव्हे. १९९६ साली ‘क्वेक’ हा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्या एका गटाने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ नावाची दीडेक मिनिटाची गोष्ट गेममध्येच रेकॉर्ड केली होती. तिच्यात आवाज नाही, संवाद अक्षरांत उमटतात. ती पाहायची तर पाहणाऱ्याकडेही क्वेक असावा लागे, कारण फाइल व्हिडिओची नव्हती, गेममधल्या हालचालींची होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये, एडिनबरामध्ये अशी मंडळं उभी राहिली. पण हे सगळं गेम खेळणाऱ्यांचं गेम खेळणाऱ्यांसाठी चाललं होतं.

ऑस्टिनच्या मंडळींचं वेगळेपण त्यांच्या आधीच्या कामात आहे. बर्नी बर्न्स, मॅट हलम आणि जोएल हेमन यांनी टेक्सास विद्यापीठाच्या दिवसांत एकत्र येऊन १९९७ मध्ये ‘द शेड्यूल’ नावाचा स्वतंत्र चित्रपट केला होता. पटकथा कशी बांधायची, दृश्य कुठे तोडायचं, नटाकडून वाक्य कसं काढून घ्यायचं, हे त्यांनी पदरमोड करून शिकून घेतलं होतं. हलम आणि हेमन पुढे चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला गेले, बर्न्स ऑस्टिनमध्ये राहिला. नोकरीच्या ठिकाणी, टेक सपोर्टच्या एका कंपनीत, त्याला जेफ रॅमसी आणि गस सोरोला भेटले. हे दोघे दारू पिऊन गेम खेळायचे आणि त्यांची परीक्षणं स्वतःच्या साइटवर लिहायचे. त्या साइटसाठी बर्न्सने हेलोच्या खेळावर आवाज चढवून काही व्हिडिओ केले आणि त्यातून मालिकेची कल्पना निघाली. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांनी एक ट्रेलर टाकला. त्याची विशेष दखल कुणी घेतली नाही आणि काम बाजूला पडलं.

ते पुन्हा हातात कसं घेतलं गेलं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी बघण्यासारखं आहे. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकाने त्यांच्याच एका दुसऱ्या व्हिडिओसाठी, अॅपलच्या जाहिरातीच्या विडंबनासाठी, परवानगी मागितली. मासिकासोबतच्या सीडीत तो घालायचा होता. मासिक वाचून लोक साइटवर येणार, आणि आले तर त्यांना दाखवायला काहीतरी हवं, एवढा साधा हिशेब करून रेड व्हर्सेस ब्लू पुन्हा सुरू झालं. बहुतेक हौशी गट आधी माल तयार करतात आणि मग गिऱ्हाईक शोधत बसतात. इथे गिऱ्हाईक येण्याची तारीख आधी कळली आणि माल त्या तारखेला बेतून तयार झाला.

चित्रीकरण

हेलोमध्ये ‘ब्लड गल्च’ नावाचं एक मैदान आहे. चारी बाजूंनी कड्यांनी बंद झालेली घळ, दोन टोकांना दोन तळ, एक लाल गटाचा, एक निळ्या गटाचा. तिथे कायम दिवस असतो. पाऊस नाही, रात्र नाही, झाडंही मोजकीच. एक्सबॉक्स एकमेकांना तारेने जोडून अनेकांना एकाच मैदानात उतरता येत असे: जास्तीत जास्त चार यंत्रं, सोळा खेळाडू. रूस्टर टीथने हीच सोय चित्रीकरणाला वापरली.

समजा तळाच्या छपरावर तिघांचा संवाद आहे. तिघांच्या हाती तीन कंट्रोलर. चौथा खेळाडू त्यांच्यासमोर उभा आहे, पण तो पडद्यावर कधीच येत नाही, कारण तोच कॅमेरा आहे. त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते व्हिडिओत येतं. त्याला उजवीकडे सरकवलं की कॅमेरा सरकला, खाली बसवलं की कोन खालचा झाला. पण त्याच्या पडद्यावर त्याची बंदूक दिसते, वरच्या कोपऱ्यांत गोळ्यांचा आकडा आणि ढालीची पट्टी, खाली रडार. हे प्रेक्षकाला दिसलं तर सिनेमाचा भास तिथेच मोडतो. त्यावर उपाय म्हणजे चित्राच्या वर आणि खाली जाड काळ्या पट्ट्या. मोठ्या पडद्यावरच्या चित्रपटात असतात तशा त्या दिसतात, आणि त्यांच्यामागे गेमची बरीचशी लुडबुड झाकली जाते. ही अडचणीतून आलेली युक्ती, पण तिने मालिकेला सिनेमाचा तोंडवळाही दिला.

आता संवाद. सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणाच्या काचेमागे आहेत. ओठ दिसतच नाहीत, त्यामुळे ओठ जुळवण्याचा प्रश्न मिटला. पण मग बोलतंय कोण, हे कळणार कसं? ज्याचं वाक्य असेल त्याचा खेळाडू कंट्रोलरची काडी किंचित वरखाली हलवतो आणि सैनिकाचं डोकं डुलतं. बाकी दोघांनी अंगठे आवरून बसायचं. कुणाचा अंगठा चुकून हलला तर तोच बोलतोय असं वाटतं आणि टेक वाया जातो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. तिथेही बाहुलीचा चेहरा लाकडाचा, न हलणारा. सूत्रधाराचा आवाज आणि मानेचा एक झटका, एवढ्यावर ती जिवंत होते. ऑस्टिनच्या सैनिकांचं तंत्र थेट त्याच जातकुळीचं आहे. पिंगुळीचा खेळ ज्याने पाहिला असेल त्याला मशिनिमाची निम्मी कला समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक अडचण होती. हेलो हा नेमबाजीचा गेम, त्यामुळे सैनिकाची बंदूक सदैव रोखलेली. दोघे गप्पा मारतायत आणि दोघांनी एकमेकांवर नेम धरलाय, हे कसं दिसेल? इथे गेममधला एक दोष कामाला आला. हातात पिस्तूल असताना खेळाडूने पूर्ण खाली, पायाकडे पाहिलं, तर बघणाऱ्यांना त्या सैनिकाचा हात खाली गेलेला दिसतो, मान मात्र सरळ राहते. म्हणजे गेमच्या हिशेबाने जमिनीकडे बघणारा सैनिक बाहेरून निवांत उभा राहून समोर बघत बोलतोय असा दिसतो. प्रोग्रामरच्या हातून राहिलेली ही चूक नसती, तर ही मालिका आज आहे तशी दिसली नसती.

याची पोचपावती पुढे मिळाली. ‘हेलो २’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा हेलो बनवणाऱ्या बंजी या कंपनीने बंदूक खाली घेण्याची सोय मुद्दाम गेममध्ये घातली. खेळाडूला खेळताना तिचा काही उपयोग नाही. ती व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ठेवलेली होती. घरच्या घरी चाललेल्या उद्योगाकडे पाहून एवढ्या मोठ्या गेममध्ये एक बटण वाढलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

गोष्ट

आता या सगळ्या मर्यादा समोर मांडून लेखकाच्या जागी बसा. पात्रांना चेहरे नाहीत. ती खुर्चीवर बसू शकत नाहीत, एकमेकांना वस्तू देऊ शकत नाहीत, पाणी पिऊ शकत नाहीत. चालणं, उड्या, गोळीबार आणि मान डोलावणं, बस. जागा एक, आणि तीही ओसाड. हौशी गट अशा वेळी हमखास लढाईची गोष्ट लिहितो, कारण गेमला लढाई जमते. मग त्याची तुलना गेमच्याच कटसीनशी, म्हणजे कंपनीने आधीच तयार करून गेममध्ये घातलेल्या दृश्यांशी होते आणि त्यात तो हरतो.

बर्न्सने लिहिली ती कंटाळलेल्या सैनिकांची गोष्ट. ओसाड घळीत दोन तळ आहेत. लाल तळ कशासाठी, तर समोर निळा तळ आहे म्हणून. आणि निळा कशासाठी, तर लाल आहे म्हणून. इथे उभं राहण्यापलीकडे कुणाला काही काम नाही. त्यामुळे पात्रं नुसती उभी राहून बोलतात हा दोष उरलाच नाही. तोच गोष्टीचा विषय झाला. ओसाडपणाही विषयाचा भाग झाला. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलाकेंद्राशी संबंधित असलेले ग्रॅहम लेगट यांनी या मालिकेची तुलना नाटककार सॅम्युएल बेकेटशी केली होती. ऐकायला ती तुलना भारी वाटते, पण माणसं एका जागी अडकलेली आहेत आणि बोलत राहण्यावाचून त्यांच्या हाती काही नाही, हा गाभा दोन्हीकडे आहे. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटेल.

गेमच्या गोदामात जे होतं त्यातूनच कथानकाचे सांधे तयार झाले. हेलोमध्ये शत्रूचा झेंडा पळवून आणायचा एक खेळप्रकार आहे. मालिकेत लाल गटात डोनट नावाचा नवा शिपाई येतो. जुने दोघे त्याची फिरकी घ्यायला त्याला दुकानातून अशा वस्तू आणायला पाठवतात, ज्या जगात कुठेच मिळत नाहीत. बिचारा भोळेपणाने चालत चालत निळ्यांच्या तळावर पोचतो, त्यालाच दुकान समजतो आणि झेंडा उचलून घेऊन येतो. गेमचा नियम, मैदानाची रचना आणि माणसाचा स्वभाव असे तीन धागे त्या एका प्रसंगात गुंफलेले आहेत, आणि त्यासाठी नवं काही बनवावं लागलेलं नाही. खेळाडूला काही काळ अदृश्य करणारी एक वस्तू गेममध्ये आहे. तिच्यातून अदृश्य होऊ शकणारी टेक्स ही भाडोत्री लढवय्यी आली. गेममध्ये जीप आहे, तर तिला नाव काय द्यायचं यावर पात्रं चांगली हुज्जत घालतात. ही हुज्जत तुम्ही ऐका. पडद्यावर एक उभी गाडी आणि काही शिरस्त्राणं आहेत, तरी आपण कान देऊन ऐकतो, कारण प्रत्येकाचा बोलण्याचा ढंग वेगळा आहे.

ढंग वेगळा ठेवणं ही चैन नव्हती, गरज होती. पात्रं दिसायला एकसारखी, फरक फक्त चिलखताच्या रंगात. मग ओळख पटवायची ती आवाजाने आणि स्वभावाने. हलमने केलेला सार्जंट खर्जात गुरगुरतो. सोरोलाचा सिमन्स सतत वरिष्ठाची मर्जी सांभाळतो. रॅमसीचा ग्रिफ अंग चोरतो. हेमनचा कबूस बोलायला लागला की तो नेमका कुठल्या जगात आहे हे कळत नाही. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते समजतं. गेमवर गोष्ट रचणाऱ्या कुणालाही मी हीच कसोटी सांगेन: पडदा झाका आणि नुसतं ऐकवा.

म्हणूनच काम आवाजापासून सुरू होई. आधी संवाद रेकॉर्ड, मग त्या आवाजावर गेममधली हालचाल, मग संगणकावर संकलन. या क्रमाचा एक मोठा फायदा होता. आवाज देणारा आणि कंट्रोलर धरणारा एकच असण्याची गरज नाही, आणि आवाज देणारा त्याच गावात असण्याचीही नाही. नोकऱ्या आणि शहरं वेगवेगळी असलेल्या गटाला यामुळेच एकत्र काम करता येतं.

संगीताचीही त्यांनी नीट व्यवस्था लावली. ट्रोकाडेरो नावाच्या एका स्वतंत्र बँडने मालिकेसाठी संगीत दिलं. आवडतं गाणं उचलून खाली लावून दिलं असतं, तर पुढे डीव्हीडी काढताना सगळं पुन्हा करावं लागलं असतं. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या व्हिडिओंचा जीव पार्श्वसंगीताच्या दाव्यात जातो, तेव्हा हे उदाहरण आठवावं.

वार आणि पैसा

भाग छोटे असत, काही मिनिटांचे. हंगाम चालू असताना ते साधारण आठवड्याच्या अंतराने येत. छोटा भाग ठेवण्यात दोन गोष्टी साधत. २००३ सालच्या इंटरनेटवर तो उतरवायला लोकांचा फार वेळ जात नसे. आणि करणाऱ्यांना तो नोकरी सांभाळून पुरा करता येई. वर्षभर खपून तासाभराचा सिनेमा करायचा, असं ठरवलेले गट मध्येच फुटतात, कारण पहिल्या चार महिन्यांत कुणाची दादच मिळत नाही. इथे दर भागानंतर प्रेक्षक बोलत होता आणि पुढचा भाग लिहायला हुरूप येत होता.

प्रेक्षक वाढला तसा खर्चही वाढला, आणि ही आजच्या मुलांना चटकन न उमगणारी गोष्ट आहे. त्या वेळी व्हिडिओ फुकट ठेवून घेणारं कुणी नव्हतं. फाइल तुमच्या सर्व्हरवर, आणि प्रत्येक डाउनलोडचं बिल तुमच्या नावावर. व्हिडिओ गाजला की मालक बुडाला, असंच ते गणित. शिवाय गोष्ट दुसऱ्याच्या गेममधली, त्यामुळे तिकीट लावून दाखवणंही अवघड.

त्यांनी काढलेला मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मालिका सर्वांसाठी फुकटच ठेवली. ज्यांना मोठं, स्वच्छ चित्र हवं, भाग थोडा आधी हवा, त्यांनी लहानशी रक्कम भरून सभासद व्हायचं. हंगाम संपला की सगळे भाग सलग जोडून, मधले सांधे गुळगुळीत करून, चित्रपटासारखी डीव्हीडी काढायची. मालिका फुकट पाहिलेले लोकही ती डीव्हीडी विकत घेत. वर्गणीदार वाचकांच्या भरवशावर चालणारं मासिक आपल्याला नवं नाही. त्यांनी तेच व्हिडिओत केलं. जाहिरातदार मध्ये नव्हता, त्यामुळे गोष्टीत कुणाची ढवळाढवळही नव्हती. या पैशावर मंडळींनी नोकऱ्या सोडल्या आणि ऑस्टिनजवळच्या ब्यूडा या गावात ऑफिस थाटलं.

दुसरा गेम घेतला तेव्हा

गेमच्या मर्यादेतून गोष्ट उभी राहते, हे माझं म्हणणं तपासायला एक उलटं उदाहरण त्यांच्याच कामात आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीशी बोलणं होऊन त्यांनी २००४ मध्ये ‘द सिम्स २’ वर ‘द स्ट्रेंजरहूड’ ही मालिका सुरू केली. सिम्समध्ये घरं, खुर्च्या, कपडे, चेहरे, भावना, सगळं आहे. हेलोच्या घळीपुढे ही चंगळच. पण सिम्सची माणसं स्वतःच्या मर्जीने वागतात. त्यांना भूक लागते, झोप येते, सांगितलेलं काम सोडून ती भलतीकडे जातात. अंगठ्याच्या हालचालीवर मान डोलावणारा सैनिक इथे नाही. आणि चेहरा उघडा असल्यामुळे ओठ दिसतात, ते संवादाशी जुळावे लागतात. रेड व्हर्सेस ब्लूइतकं यश या मालिकेला मिळालं नाही. जास्त सोयींचा गेम म्हणजे जास्त चांगला सेट, हा समज तिथे टिकत नाही. पात्रावर ताबा किती मिळतो हे आधी पाहावं, सजावट नंतर.

हेलोच्या नव्या आवृत्त्या आल्या, तेव्हाही त्यांनी मर्यादेला गोष्टीतच मुरवलं. हेलो २ मध्ये चिलखतांचं रूप बदललं, मैदान बदललं. तिसऱ्या हंगामात त्यांनी पात्रांना स्फोटाने भविष्यकाळात फेकलं आणि नवं रूप कथानकात रीतसर बसवून टाकलं.

जमीन कुणाची?

आता या प्रकरणाची सर्वांत नाजूक बाजू. मैदान बंजीचं, चिलखतं बंजीची, आणि बंजी तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. सुरुवातीचे काही भाग आले तेव्हाच कंपनीकडून संपर्क झाला. काम बंद पाडलं असतं तरी या मंडळींना फार काही करता आलं नसतं. घडलं उलटं: परवान्याची फी न घेता त्यांना चालू ठेवू दिलं गेलं. कंपनीच्या दृष्टीने ही चालती-बोलती जाहिरात होती. पण हा समजूतदारपणा होता, हक्क नव्हे, हे विसरता कामा नये.

ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेममधून व्हिडिओ करणाऱ्यांसाठी लेखी नियम जाहीर केले. बिगरव्यापारी कामाला मुभा, अश्लील वापराला मनाई, गेमची फोडाफोड करून काढलेल्या मालाला मनाई. पुढे ते सुधारले गेले आणि व्हिडिओवरच्या जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशालाही वाट मिळाली. त्याच वर्षी ब्लिझर्ड या दुसऱ्या गेम कंपनीनेही आपल्या गेमसाठी असं पत्रक काढलं. म्हणजे रूस्टर टीथने ज्या बोलीवर काम केलं, ती बोली पुढच्यांना कागदावर मिळाली. तरी डीव्हीडी विकण्याची जी मोकळीक त्यांना होती, ती सर्वांसाठी आपोआप खुली झाली नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो आता छोट्या स्टुडिओचा उरत नाही. स्वतःच्या हिमतीवर हेलोची लढाई अॅनिमेट करून नाव मिळवलेला मॉन्टी ओम त्यांच्यात आला आणि २०१० च्या आठव्या हंगामापासून गेममधल्या चित्रणाला अॅनिमेशनची जोड मिळाली. २०१४ मध्ये फुलस्क्रीन या ऑनलाइन व्हिडिओतल्या कंपनीने रूस्टर टीथ विकत घेतली. मग मालकावर मालक बदलत ती वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे पोचली. मार्च २०२४ मध्ये ती बंद करत असल्याची घोषणा झाली, तेव्हा सुमारे १५० माणसं कामावर होती. मालिकेचा शेवटचा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्नी बर्न्सच्या नव्या कंपनीने रूस्टर टीथ हे नाव आणि काही जुनी कामं परत विकत घेतली. हेलो अर्थातच मायक्रोसॉफ्टचाच आहे. आपण निर्माण केलेल्या पात्रांचं नाव, स्वभाव, आवाज परत मिळवता येतात. त्यांचं अंग मात्र दुसऱ्याच्या मालकीचं राहतं. हे वास्तव पहिल्या दिवशी होतं तेच बावीस वर्षांनीही आहे.

आपल्याकडे पहिला एक्सबॉक्स अधिकृतपणे आलाच नाही. एक्सबॉक्स ३६० आला तो सप्टेंबर २००६ मध्ये. त्यामुळे या सगळ्या घडामोडी इथून लांबून पाहाव्या लागल्या. आज परिस्थिती तशी नाही. जीटीए किंवा माइनक्राफ्टसारखे गेम गावोगावच्या मुलांच्या हाती आहेत, स्क्रीन रेकॉर्डिंग फुकट आहे आणि आपल्या बोलीत संवाद चढवणारी पोरं भाषेत तयार आहेत. मालवणीत किंवा वऱ्हाडीत हुज्जत घालणारे दोन चिलखतवाले मला बघायला फार आवडतील. पण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ मुख्यतः खासगी वापर, समीक्षा, परीक्षण, चालू घडामोडींची बातमी अशा कारणांसाठी उचित वापराची सूट देतं. दुसऱ्याच्या गेममध्ये रचलेली लांबलचक काल्पनिक मालिका त्यात सहज बसेल, असं गृहीत धरून पैसे गुंतवू नयेत.

म्हणून कुणी विचारलं तर मी कामाचा क्रम असा सांगेन. गेम ठरवण्याआधी त्या कंपनीचे व्हिडिओविषयीचे नियम शोधून वाचा, आणि ज्या दिवशी वाचले त्या दिवशीची प्रत तारखेसह जपून ठेवा, कारण हे नियम बदलतात. नियमच सापडत नसतील तर ईमेल लिहा. उत्तर आलं नाही तर दुसरा गेम घ्या. मग त्या गेममध्ये पात्रं नुसती उभी करून बघा: मान हलते का, हत्यार खाली जातं का, पडद्यावरची अक्षरं झाकता येतात का. त्या यादीला चिकटून तीन मिनिटांची गोष्ट लिहा, दोघातिघांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, आणि गेम कधी न खेळलेल्या एखाद्या माणसाला नुसती ऐकवा. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, तर पुढच्या रविवारी कंट्रोलर हातात घ्या.